मदत हवी आहे: एक्सेलमधून बिलं पाठवताना आउटलुक प्रत्येक ईमेलला परवानगी मागतंय

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत १८४ फ्लॅट आहेत आणि खजिनदारकी माझ्या गळ्यात पडून चार वर्षं झाली. मेंटेनन्सची बिलं मी एक्सेलमध्ये करतो. भाच्याने एक मॅक्रो लिहून दिला आहे. बटण दाबलं की तो प्रत्येक बिलाची पीडीएफ करून आउटलुकमधून ज्याच्या-त्याच्या पत्त्यावर पाठवतो. आजवर बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा होईपर्यंत काम फत्ते, असं चाललं होतं.

या तिमाहीला मात्र दर ईमेलला एक चौकट वर येते. एक प्रोग्राम तुमच्या वतीने ईमेल पाठवू पाहतो आहे, तुम्हाला हे अपेक्षित नसेल तर 'डिनाय' दाबा, असा साधारण मजकूर. 'अलाउ' बटण लगेच दाबताही येत नाही, पट्टी भरेपर्यंत पाचेक सेकंद थांबावं लागतं. १८४ वेळा पाच सेकंद म्हणजे पाऊण तासाच्या आत होईल, पण तोवर माऊस सोडून उठता येत नाही. चाळीसाव्या बिलाला चुकून 'डिनाय' दाबलं गेलं आणि मॅक्रो एरर देऊन थांबला. आता कोणाला गेलं आणि कोणाला नाही, हे 'सेंट' फोल्डर उघडून टिकमार्क करत बसलोय.

विंडोज १०, ऑफिस २०१६. मी काहीही बदललेलं नाही, शपथेवर सांगतो. भाचा परदेशी आहे, तो म्हणतो मॅक्रोत दोष नाही. मग दोष कुठाय?

— खजिनदार_काका

रात्रपाळी:
काका, आधी हिशेब दुरुस्त करतो: १८४ गुणिले ५ म्हणजे ९२० सेकंद, जेमतेम सव्वा पंधरा मिनिटं. बिलं नीट तपासून पाठवा :)

आता मुद्दा. भाचा बरोबर बोलतोय. ही चौकट आउटलुकचा पहारेकरी आहे. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा व्हायरस आला, तो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांना आपोआप जायचा. २००० च्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' आला, तो यादीतल्या सगळ्यांनाच. दोघांची युक्ती तुमच्या मॅक्रोसारखीच होती: आउटलुकला बाहेरून हुकूम द्यायचा, पाठव म्हणून. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने हा पहारा बसवला. आउटलुकच्या नजरेत तुमचं मेंटेनन्सचं बिल आणि तो व्हायरस यांत फरक नाही.

मग इतके दिवस का विचारलं नाही? आउटलुक २००७ पासून नियम असा आहे की काँप्युटरवरचा अँटिव्हायरस चालू आणि अद्ययावत असेल तर पहारेकरी गप्प बसतो. म्हणून विचारतो, तुमच्या अँटिव्हायरसची मुदत कधी संपली?

एक्सेलवेडी:
तात्पुरता उपाय हवा असेल तर मॅक्रोत जिथे 'सेंड' आहे तिथे 'डिस्प्ले' करा. चौकट येत नाही, पण प्रत्येक ईमेल उघडून समोर ठेवला जातो आणि तुम्हाला स्वतः 'सेंड' दाबावं लागतं. १८४ खिडक्या उघडतील हे लक्षात घ्या. पाच-दहा बिलांना ठीक.

वर्डच्या मेल मर्जचा (एकच मजकूर यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने पाठवायची सोय) सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात पीडीएफ जोडता येत नाही.

मुकादम:
इंटरनेटवर एक छोटं सॉफ्टवेअर मिळतं, ते चौकट आली की स्वतःच 'होय' दाबतं. आमच्याकडे चालायचं.

रात्रपाळी:
मुकादम, ते उद्या व्हायरसलाही 'होय' म्हणेल. कुलूप लावून किल्ली दारातच अडकवून ठेवल्यासारखं ते. काकांना नको सांगू.

खजिनदार_काका:
हिशेबाबद्दल कान पकडले. आणि तुमचं म्हणणं खरं निघालं! काँप्युटरसोबत आलेला अँटिव्हायरस गेल्या महिन्यात संपलाय. कोपऱ्यात लाल खूण होती, ती मला जाहिरात वाटली.

दरम्यान मी उतावीळपणा केला. पुतणीने फोनवर सांगितलं की आउटलुकच्या ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये, चौकट कायमची बंद करता येते. तिथले पर्याय करडे दिसत होते, म्हणून आउटलुक 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं. पर्याय दाबता येऊ लागले, पण हात लावायच्या आधी मॅक्रो चालवून पाहिला तर भलतंच: एरर ४२९, ॲक्टिव्हएक्स वगैरे. आता चौकटही नाही आणि ईमेलही नाही.

रात्रपाळी:
४२९ घाबरण्यासारखा नाही. आउटलुक अॅडमिनच्या खुर्चीत आणि एक्सेल साध्या खुर्चीत बसलं की एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्ही बंद करा, नेहमीसारखी उघडा.

मग असं करा. मुदत संपलेला अँटिव्हायरस पूर्ण काढून टाका, नुसता बंद नको. काँप्युटर रीस्टार्ट केलात की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. त्याला एकदा अपडेट होऊ द्या. नंतर आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, प्रोग्रामॅटिक अॅक्सेस. त्या पानाच्या तळाशी अँटिव्हायरसची स्थिती लिहिलेली असते. आत्ता तिथे 'इनव्हॅलिड' असणार, ते 'व्हॅलिड' झालं पाहिजे. वरचा 'कधीच विचारू नका' हा पर्याय सोडून द्या. अँटिव्हायरस नसलेल्या काँप्युटरवर पहाराही उठवायचा, हे सोसायटीच्या पैशांच्या काँप्युटरवर तरी नको.

एक्सेलवेडी:
एक जास्तीचं. आउटलुकमध्ये वर उजवीकडे 'नवं आउटलुक' वापरून पाहा असं बटण कधी दिसलं तर भुलू नका. नव्या आउटलुकला बाहेरून मॅक्रोने हाक मारता येत नाही, भाच्याचं सगळं काम वाया जाईल.

खजिनदार_काका:
काढून टाकला, रीस्टार्ट केला. तळाशी 'व्हॅलिड' आलं. धीर धरून आधी माझ्याच फ्लॅटचं बिल मला पाठवून पाहिलं, चौकट नाही. मग उरलेली १४५ सोडली. दोन परत आली, पण तो दोष आउटलुकचा नाही: ६०२ वाल्यांनी पत्ता बदललाय आणि ११०४ वाल्यांनी फॉर्मवर पत्त्यात जीमेलचा एक 'ए' खाल्लाय.

रात्रपाळी, एक्सेलवेडी ताई, आभार. आता सेक्रेटरींच्या लॅपटॉपवरही तोच लाल ठिपका दिसतोय. संध्याकाळी जाऊन बघतो, ते मात्र काढू देतील का, शंका आहे. तीन वर्षांचे पैसे भरलेत म्हणतात.

रात्रपाळी:
काका, पैसे भरलेले असतील तर काढू नका, उघडून फक्त अपडेट करा. बहुधा तेवढंच राहिलंय.