आईच्या डोळ्यात तेल आहे आणि प्रेशर ३६, वॉल्व्ह बसवायचा का? लवकर सांगा

घाईगडबड
नमस्कार मंडळी, पटकन मदत हवी आहे. आईचं पडद्याचं (रेटिनाचं) ऑपरेशन झालं, पडदा जागेवर राहावा म्हणून डोळ्यात तेल भरलंय. आता डोळ्याचं प्रेशर ३६ आलंय. रेटिनाचे डॉक्टर म्हणतात तेल काढू, काचबिंदूच्या मॅडम म्हणतात वॉल्व्ह (डोळ्यातलं पाणी बाहेर काढणारी नळी) बसवावा लागेल, आणि दोघंही म्हणतात तुम्ही ठरवा. आम्ही काय ठरवणार? सोमवारी सांगायचंय. कोणी वॉल्व्ह बसवला असेल तर सांगा, नजर परत येते का? आणि कृपया "डॉक्टरांना विचारा" असं लिहू नका, त्यांनीच मला विचारलंय.

चष्मिस
कुठला डोळा? दुसरा कसा आहे? तेल कधी भरलं? थेंब कुठले चालू आहेत? पडदा चिकटलाय का? काहीच लिहिलेलं नाही हो, सांगणार काय कपाळ.

घाईगडबड
उजवा डोळा. दुसरा बरा आहे. थेंब चालू आहेत तीनचार, आणि गोळी पण. मुद्दा वॉल्व्ह की तेल काढायचं, एवढाच आहे.

तिरकस
वॉल्व्हच्या फंदात पडू नका. माझ्या वडिलांचं ट्रॅब, म्हणजे नळीशिवायचं काचबिंदूचं ऑपरेशन, १२ वर्षांपूर्वी झालं, पापणीखाली छोटासा फुगा आहे, पाणी आपोआप बाहेर झिरपतं, आज प्रेशर १२ आणि एकही थेंब नाही. डोळ्यात परकी वस्तू कशाला घालून घ्यायची. ट्रॅब ही १९६८ पासूनची शस्त्रक्रिया आहे, उगाच टिकलेली नाही.

चष्मिस
तिरकस, एका माणसावरून नियम नाही होत. ट्यूब (म्हणजे अशीच नळी) विरुद्ध ट्रॅब असा मोठा अभ्यास झालाय, ५ वर्षांनी ट्यूब फसल्या सुमारे ३० टक्के आणि ट्रॅब फसली सुमारे ४७ टक्के. आकडे बोलतात.

तिरकस
आकडे बोलतात पण तुम्ही अर्धेच ऐकता. तो अभ्यास आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा एकदा ट्रॅब फसलेल्या डोळ्यांवर होता. माझ्या वडिलांचा डोळा कोरा होता.

रात्रपाळी
मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. त्या अभ्यासात तेल असलेले डोळे घेतलेच नव्हते, त्यामुळे तुमचं भांडण या धाग्याला लागू नाही. एकदा पडद्याची सर्जरी झाली की वरच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा चिकटून बसते, तिथे ट्रॅबचा फुगा नीट उठत नाही, म्हणून मॅडमनी ट्रॅबचं नाव काढलं नसेल. आणि तेल पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगतं. वरून नळी घातली तर तेलच नळीत शिरणार, म्हणून अशा डोळ्यात नळी बहुतेक वेळा खालच्या बाजूने घालतात. घाईगडबड, आईंना शुगर आहे का?

घाईगडबड
हो, वीस वर्षं. त्याचा काय संबंध?

चष्मिस
त्याचा काय संबंध!!! तीच तर पहिल्या ओळीत लिहायची गोष्ट होती.

रात्रपाळी
संबंध असा की शुगरने पडदा खराब झाला की आयरिसवर (डोळ्याच्या रंगीत भागावर) नवीन रक्तवाहिन्या फुटू शकतात, त्या डोळ्यातलं पाणी निघायची मोरी बंद करतात आणि प्रेशर चढतं. तसं असेल तर आधी इंजेक्शन आणि लेझर, मग वॉल्व्ह, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्तस्राव व्हायची भीती. केसपेपरवर याबद्दल काही लिहिलंय का बघा.

घाईगडबड
लिहिलंय "नवीन वाहिन्या नाहीत". पुढे "तेलाचे बारीक थेंब पुढच्या कप्प्यात" असं आहे, बाकी अक्षर लागत नाही.

नाना_४७
माझा मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचा झाला, १५ मिनिटांचं काम. लेन्स घेताना नीट विचारून घ्या, मल्टीफोकल घेऊ नका, रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात.

चष्मिस
नाना, हा काचबिंदूचा धागा आहे हो, मोतीबिंदूचा नाही.

नाना_४७
बिंदू तो बिंदूच. मी आपला अनुभव सांगितला.

सदाफुली
मी स्वतः वॉल्व्हवाली आहे, तीन वर्षं झाली, म्हणून लिहिते. नजर परत येते का, तर नाही. डोळ्याची नस जेवढी सुकली तेवढी गेली, कुठलंही काचबिंदूचं ऑपरेशन ती परत आणत नाही, उरलेली वाचवतं. मला हे आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, मी पट्टी निघाल्यावर चार्ट वाचायला बसले आणि रडले. पहिल्या आठवड्यात प्रेशर ६ होतं, सगळे खूश. दुसऱ्या महिन्यात २८! मला वाटलं ऑपरेशन फसलं, पण डॉक्टर म्हणाले वॉल्व्हच्या चपट्या पातीभोवती शरीर आपलं आवरण बनवतं ते आधी जाड होतं, बऱ्याच जणांचं असं चढतं आणि पुढे उतरतं. माझं उतरलं, १६ वर आहे, पण दोन थेंब अजून घालते. फील्ड टेस्टचा (आजूबाजूचं किती दिसतं ते मोजतात त्याचा) कागद तीन वर्षांत जवळजवळ तसाच आहे, आणि मी त्यालाच यश म्हणते.

सुईदोरा
मला तेल नाही, गॅस भरला होता, पडद्याला भोक होतं. आठवडाभर पालथं झोपायला लावलं, मान गेली. एक सांगते, गॅस असताना विमानात बसायचं नाही, वर हवेचा दाब कमी झाला की गॅस फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं. आणि दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्यांना गॅसचं आधी सांगायचं.

घाईगडबड
ताई आमच्याकडे तेल आहे, गॅस नाही, आणि विमानाचा प्रश्नच नाही. कोणीतरी प्लीज मुद्द्यावर बोला.

रात्रपाळी
मुद्द्यावरच येते. तेल कधी भरलं आणि थेंबांची नावं काय, हे आधीच विचारून झालं. नावं वाचता येत नसतील तर बाटल्यांचा रंग सांगा.

घाईगडबड
बरं. ऑपरेशनला साडेचार महिने झाले. एक बाटली पिवळ्या झाकणाची, टिमोलॉल. एक रात्रीची, फ्रीजमध्ये ठेवायची. एक पांढरं दुधासारखं औषध, हलवून घालायचं, दिवसातून ४ वेळा. गोळी डायमॉक्स. आणि गोळीने आईच्या बोटांना मुंग्या येतात, ते वेगळंच नवीन दुखणं निघालंय.

रात्रपाळी
मुंग्या डायमॉक्सच्याच, बहुतेकांना येतात. किडनीचे रिपोर्ट झालेत ना? शुगर आहे म्हणून विचारते. आईंना दमा वगैरे?

घाईगडबड
दमा आहे, पण पंप कधीतरीच लागतो.

रात्रपाळी
अहो!! टिमोलॉल डोळ्यात घातलं तरी रक्तात जातं आणि दमेकऱ्याला धाप लावू शकतं. सोमवारची वाट नको, आजच फोन करून दम्याचं सांगा, ते दुसरा थेंब देतील. आणि ते दुधासारखं औषध साडेचार महिने ४ वेळा चालू आहे? हलवून घालायचं पांढरं म्हणजे बहुतेक स्टिरॉइड. ते साधारणपणे काही आठवड्यांत कमी करत बंद करतात. काही लोकांचं प्रेशर नुसत्या स्टिरॉइडच्या थेंबानेच चढतं, त्यात तेलाचा दोष नसतो, मग वॉल्व्ह लागेलच असंही नाही. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, आत सूज असेल तर उसळेल. पण जुनी चिठ्ठी काढून बघा त्यावर काय लिहिलंय.

तिरकस
म्हणजे दोन डॉक्टरांनी बाटलीच पाहिली नाही? कमाल आहे.

चष्मिस
बाटली नेली असेल तर पाहतील ना. आपण सगळेच "तेच थेंब चालू आहेत" सांगून मोकळे होतो.

घाईगडबड
चिठ्ठी सापडली. त्यावर ४-३-२-१ असं लिहून मध्ये बाण काढलेत आणि प्रत्येकाखाली "१ आठ." आम्हाला वाटलं आठ वाजता. पहिला आकडा ४ म्हणून ४ धरून बसलो. औषध संपलं की दुकानातून तीच बाटली आणायचो. काय बोलू आता.

सदाफुली
दादा, स्वतःला दोष देऊ नका. "१ आठ." म्हणजे एक आठवडा, हा अर्थ माझ्या घरीही कुणाला लागला नसता.

चष्मिस
तरीही तेलाचे थेंब पुढे आलेत म्हणजे तेल फुटायला लागलंय, ते डोळ्यातलं पाणी निघायच्या गाळणीत अडकून प्रेशर वाढवतंच. सगळा दोष स्टिरॉइडवर ढकलून तेल आत ठेवू नका. आणि तेल काढलं की प्रेशर उतरेलच असंही नाही, गाळणी आधीच तुंबली असेल तर चढलेलंच राहतं. शिवाय काढल्यावर काही जणांचा पडदा पुन्हा सुटतो. म्हणून पडदा चिकटलाय का विचारत होतो, पहिल्या प्रतिसादापासून.

घाईगडबड
चिकटलाय असं लिहिलंय, सगळीकडे. सॉरी, तेव्हाच सांगायला हवं होतं.

घाईगडबड
साडेतीन आठवड्यांनी अपडेट देतोय, कोणी वाचत असेल तर. टिमोलॉल त्याच दिवशी फोनवर बंद केलं, दुसरा थेंब दिला. सोमवारी बाटल्या, चिठ्ठी, सगळं पिशवीत घालून नेलं. मॅडमनी स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने बंद केलं. प्रेशर ३६, मग २९, काल २३. दोघा डॉक्टरांनी मिळून ठरवलं, पुढच्या आठवड्यात तेल काढायचं, वॉल्व्ह लगेच नाही, तेल काढल्यावर काही आठवडे बघून मग. आईला आधीही हातभर अंतरावरची बोटं दिसत होती, आताही तेवढंच दिसतं. तिला स्पष्ट सांगितलंय की ऑपरेशनने यापेक्षा जास्त दिसेल असं नाही. ती म्हणाली, मग एवढं तरी राहू दे.

सदाफुली
छान झालं. तेल काढल्यावरचं प्रेशर नक्की लिहा इथे.

नाना_४७
तेलाने मोतीबिंदू होतो म्हणतात, तर लेन्स कुठली घातली मग?