बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास (सोसायटी ग्रुप)

ए-403: नळ सोडला की परत पेट्रोलचा वास येतोय, बोअरचंच पाणी आहे, आधी थोडा होता आता डोकं धरतं. अजून कोणाकडे येतोय का??

बी-201: आमच्याकडेपण. हिने पाणी उकळून ठेवलंय, शिवाय आरओ आहेच

सी-602: काका प्लीज उकळू नका. पेट्रोलमधलं बेंझीन वाफेबरोबर उडतं आणि घरातच पसरतं, मग तेच आपण श्वासातून घेतो, आणि त्याने ब्लड कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. आरओच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पाणी नितळ दिसत असलं तरी काही कळणार नाही. अंघोळीलाही हे पाणी नको.

सेक्रेटरी: बोअरची मोटर बंद केली, टँकर सांगितलाय. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर जाऊन आलो, ते म्हणतात स्टॉक जुळतोय, आमच्याकडे लीक नाहीच

सी-602: स्टॉक जुळला म्हणजे लीक नाही असं होत नाही दादा, बारीक गळती डिपस्टिकच्या मापात सापडतच नाही. टाकी आणि पाईप दोन्हीची प्रेशर टेस्ट मागा, बऱ्याचदा गळतो तो पाईपचा जॉइंट.

बी-201: पण पंप तर तिकडे कोपऱ्यावर आहे, तिथलं इथे कसं येईल

सी-602: येतं काका. आपल्याकडे वर थोडी माती, मग मुरूम आणि खाली काळा पत्थर. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलावर तरंगतं आणि काही पाण्यात विरघळतं, मग खडकाच्या भेगा जिकडे नेतील तिकडे जातं, त्यात आपण रोज मोटर लावून ते आपल्याकडेच ओढत होतो.

आणि एक, बेसमेंट आणि लिफ्टचा खड्डा आत्ताच बघायला हवा पण तिथलं एकही बटण दाबू नका, 101 ला फोन करून अग्निशमनवाल्यांना पेट्रोलची वाफ मोजायचं मीटर घेऊन बोलवा. वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात 1992 साली गंजलेल्या पाईपलाईनमधून पेट्रोल गटारात उतरलं होतं, लोक आधीपासून वासाची तक्रार करत होते, तरी वस्ती रिकामी केली नाही. 22 एप्रिलला रस्तेच्या रस्ते फुटले, 200 च्या वर माणसं गेली.

सेक्रेटरी: फोन लावलाय, निघालेत. गेटवर थांबतो

डी-104: पंपवाले म्हणे नवीन टाकी बसवू आणि तुम्हाला दुसरा बोअर मारून देऊ. मग मिटलं की

सी-602: ताई मिटत नाही हो, नवा बोअरपण त्याच खडकात जाणार. टाकी बदलली की गळती थांबेल पण जमिनीत मुरलेलं तिथेच राहील आणि दर पावसाळ्यात खाली झिरपत राहील. आधी छोटे बोअर घेऊन पेट्रोल कुठवर पसरलंय ते बघतात, तरंगणारा थर उपसतात, खराब माती काढून नेतात, मुरुमातली वाफ ब्लोअरने खेचून कार्बन फिल्टरमधून सोडतात, भूजलात हवा सोडतात म्हणजे विरघळलेलं उडतं आणि जे बॅक्टेरिया पेट्रोल खातात त्यांना ऑक्सिजन मिळतो. महिन्यांचं नाही, वर्षांचं काम आहे. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाने 1996 साली पेट्रोलमध्ये मिसळायचे ते एमटीबीई नावाचं रसायन पाण्यात उतरलं म्हणून शहराच्या विहिरी बंद केल्या, मुख्य विहिरी परत सुरू व्हायला चौदाएक वर्षं गेली.

ए-403: आणि खर्च? मेंटेनन्समधून जाणार का

सी-602: अजिबात नाही. हरित लवादाच्या 2010 च्या कायद्यातच आहे, ज्याने प्रदूषण केलं त्याने भरायचं. पण आधी पुरावा हवा. सँपल बिसलेरीच्या बाटलीत नको, लॅबच्या काचेच्या छोट्या बाटल्या काठोकाठ भरायच्या, आत बुडबुडा राहता कामा नये, आणि बर्फात ठेवून एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला द्यायच्या. बीटेक्स टेस्ट म्हणून सांगा, त्यात बेंझीन आणि त्याच्यासारखी पेट्रोलमधली रसायनं तपासतात.

सेक्रेटरी: लॅबशी बोललो, उद्या सकाळी माणूस येतोय. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळ, कलेक्टर ऑफिस आणि नागपूरच्या पेसोला (पेट्रोल आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारं केंद्राचं खातं) जाईल, पंपाचं लायसन्स तेच देतात. पत्र वॉचमनकडे ठेवतोय, प्रत्येक फ्लॅटची सही हवी, भाडेकरूंचीपण

डी-104: नवीन बोअरचं काय सांगू त्यांना?

सेक्रेटरी: तोंडी काहीच बोलू नका ताई, जे असेल ते लेखी द्या म्हणावं