"घरची भाषा चपलेसोबत दाराबाहेर" हे मला मान्य नाही

विडी घरकुलच्या बाई
परवा इथे एका सरांनी लिहिलं, भाषा शिकवायला आता कशाचीच कमी नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट, सरकारचं दीक्षा ॲप आहे, धड्याला क्यूआर कोड आहे, व्हिडिओ आहेत. तरी तिसरीच्या पोराला चार ओळी वाचता येत नसतील तर दोष शिक्षकाचा. आणि शेवटी: "वर्गात फक्त मराठी. घरची भाषा चपलेसोबत दाराबाहेर ठेवा." त्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस गप्प बसले, आता लिहिते.

सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत माझी मराठी शाळा, वर्गात 38 मुलं. घरी मराठी बोलणारी 9. बाकी बहुतेक तेलुगू, काही कन्नड, चारपाच दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली. सरांनी सांगितलेलं सगळं साहित्य मी वापरलंय. ते वाईट नाही, पण ते धरून चालतं की मूल मराठी बोलतच शाळेत आलंय आणि आपण फक्त अक्षरं शिकवायची. उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्या मुलांसाठी बालभारती 'सुलभभारती' हे मराठीचं वेगळं पुस्तक काढते, कारण त्यांची मराठी दुसरी भाषा आहे हे सरकारनेच मान्य केलंय. माझ्या मुलांचीही दुसरीच आहे. पण दाखला मराठी माध्यमाचा, म्हणून हातात 'बालभारती', मराठी पहिली भाषा धरून केलेलं पुस्तक. हा फरक कुणी विचारातच घेत नाही.

एक मुलगी पहिलीत दिवाळीपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हती. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. एकदा फळ्यावर मागाचं चित्र काढलं तर ती पटकन म्हणाली, "मग्गम." मुलं हसली. मी फळ्यावर लिहिलं: मराठीत माग, कन्नडमध्ये मग्ग, तेलुगूत मग्गम. हसणारे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ती घरून अकरा शब्द घेऊन आली. तो कागद भिंतीवर लावला, आज त्यावर तीनशेच्या वर शब्द आहेत. एवढ्या वर्षांत याच्यासारखं साहित्य मला मिळालं नाही, आणि ते मी दाराबाहेर ठेवायचं?

सात रस्ता
ती पोस्ट माझी. बाई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण एका मुलीच्या गोष्टीवरून पद्धत ठरत नाही. मी 34 वर्षं शिकवलं, त्यातली 20 शहराच्या पूर्व भागात. वर्ग असाच मिसळीचा होता. मुलं मराठी शिकली, कारण दुसरा इलाजच नव्हता. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं. तेलुगू शब्दाचा आधार दिलात की मूल तो सोडत नाही.

शिवाय तुम्हाला तेलुगू येतं. उद्या बीडहून बदली होऊन आलेल्या शिक्षकाने काय करायचं? तीन भाषा येणारा माणूस गृहीत धरून राज्याचं धोरण होत नसतं. म्हणून मी म्हणतो, तयार साहित्य नीट वापरा. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेतले रणजितसिंह डिसले क्यूआर कोड वापरत 2020 च्या ग्लोबल टीचर प्राइझ या जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत पोचले. साधन तेच होतं, वापरणारा तयार होता.

मंद्रूपकर
सर, पाण्यात टाकलेली जी बुडाली ती नंतर तुम्हाला भेटायला येत नाहीत. दहावीचा पेढा घेऊन येणारीच आठवतात.

मी स्वतः कन्नड घरातला. चौथीत "मी भाकरी खाल्लो" म्हणालो म्हणून हातावर छडी बसली. पुन्हा म्हणालो, पुन्हा बसली. चूक काय हे कुणीच सांगितलं नाही. कन्नडमध्ये "नानु रोट्टी तिंदे". तिथं क्रियापद खाणाऱ्याबरोबर चालतं. मराठीत भूतकाळात ते खाल्लेल्या वस्तूबरोबर जातं: आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. हे मला डी.एड.ला कर्मणी प्रयोग शिकताना कळलं. आता मी हे दुसरीच्या पोरांना खेळातून देतो. एकाच्या हातात आंबा, एकीच्या हातात भाकरी, एकाच्या हातात केळं. "कुणी खाल्लं ते विसरा, काय खाल्लं तिकडे बघा." आठवड्यात चुका निम्म्यावर येतात. हे सुचलं कारण मला कन्नड येतं.

सात रस्ता
छडीचं समर्थन मी कधीच केलं नाही. पण 'खाल्लो' चूक ती चूकच.

मंद्रूपकर
"मी पाणी प्यालो" बरोबर, "मी धडा शिकलो" बरोबर, "मी नाव विसरलो" बरोबर. तिन्हींत कर्म आहे, तरी क्रियापद माझ्याबरोबर चालतंय. मग 'प्यालो' चालतो आणि 'खाल्लो'ला छडी, हे आठ वर्षांच्या पोराला कसं समजवायचं? ते पोर नियमच लावतंय, चुकीच्या क्रियापदाला लावतंय एवढंच. आणि आपल्याकडे घरी मराठीच बोलणारेही सर्रास 'खाल्लो' म्हणतात. सोलापूरची बोली आहे ती.

कन्ना चौक
मी शिक्षक नाही, पालक आहे. घरी तेलुगू. त्यामुळे माझं ऐका, कारण तुम्ही सगळे माझ्या पोरीबद्दल बोलताय.

बोलीचं कौतुक पुरे. पुण्यात पहिल्या मुलाखतीला गेलो, समोरच्याने विचारलं सध्या काय करता, मी म्हटलं "डिप्लोमा करलालोय". तिघं हसले. नोकरी गेली ते गेलं, पुढची दोन वर्षं मी लोकांसमोर मराठी बोललो नाही. तेलुगू तिला तिची आजी शिकवेल. शाळेने तिला असं मराठी द्यावं की तिच्यावर कुणी हसणार नाही. भिंतीवर मग्गम लिहून माझं काय भलं होणार?

मंद्रूपकर
हसले ते चुकले. तुम्ही नाही.

कन्ना चौक
हे तुम्ही नोकरीत बसून म्हणता. मी बाहेर उभा होतो.

मंद्रूपकर
मी नोकरीत बसलोय म्हणजे मला कुणी हसलं नाही असं वाटतं का? प्रशिक्षणाला गेलं की आजही माझ्या बोलण्यावर लोक एकमेकांकडे बघतात. 'करलालोय' म्हणजे 'करू लागलोय'. आपल्या भागातल्या कन्नडमध्ये चालू क्रिया 'माडाक हत्त्यान' अशी सांगतात, म्हणजे शब्दशः 'करायला लागलाय'. दोन भाषा शेकडो वर्षं एका पेठेत राहिल्या, त्यातून आलेली रचना आहे ही. तिला अशुद्ध म्हणणं म्हणजे आपल्या आजीला अशुद्ध म्हणणं.

सात रस्ता
आजीला मध्ये आणू नका. परीक्षेचा पेपर आजी तपासत नाही.

त्रस्त गुरुजी
बोली, प्रमाण, साहित्य, सगळं ठीक. पण शिकवायला वेळ आहे का? शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाकी कामं देता येत नाहीत. आमच्याकडे 'निवडणूक' या एका शब्दात मतदार याद्यांचं वर्षभराचं काम बसवलंय. त्यावर प्रत्येक उपक्रमाचा फोटो अपलोड. गेल्या आठवड्यात वाचनाच्या तासाचा फोटो नीट येईना म्हणून वाचनच थांबवलं. भाषा शिक्षकाला पहिलं साहित्य द्यायचं तर सलग 40 मिनिटं द्या.

विडी घरकुलच्या बाई
गुरुजी, शंभर टक्के खरं. पण तो विषय इथे सुरू झाला की बाकी सगळं बुडतं, दरवेळी बघतेय.

कन्ना चौकवाले दादा, तुमचं मला लागलं, म्हणून नीट सांगते. मी वर्गात तेलुगू शिकवत नाही, तेलुगूवरून मराठी शिकवते. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे. समोरच्याला धरून आपण, वगळून आम्ही. पोरं गोंधळायची. "आम्ही जेवायला जाऊ या," असं मलाच म्हणायची. मी विचारलं, घरी मनम कधी म्हणता आणि मेमु कधी? एका मिनिटात उजेड पडला. हा भेद तुमच्या मुलीच्या डोक्यात आजीने आधीच घालून ठेवलाय. कन्नड मुलांना मात्र वेळ लागतो, त्यांच्याकडे दोन्हीला 'नावु'च. हे माहीत असलं की कुणाला किती सराव द्यायचा तेही कळतं.

उर्दू शाळेत मराठी
मी 'सुलभभारती'च शिकवते, म्हणून सांगते. बाईंना वाटतं तितकं ते पुस्तक तारत नाही. धडा सोपा असला म्हणून मूल बोलायला लागत नाही. माझी मुलं उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलेली, त्यांना देवनागरीत वहीची सुरुवात सापडायलाच महिना जातो. 'ण' आणि 'ळ'ची अडचण वेगळीच.

पण दखनीत नक्को आहे, तो आपलाच 'नको'. 'आजच'मधला जोर देणारा 'च' आहे. पहिल्या दिवशी मी फळ्यावर ते लिहिते आणि म्हणते, एवढं मराठी तुम्हाला येतंच. खांदे सैल होतात मुलांचे.

आणि साहित्य हवंच असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ बघा, 2015 पासून आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, सगळ्यांत गोष्टी मिळतात, परवाना मुक्त, छापा, वाटा, स्वतः भाषांतर करा. एकच गोष्ट दोन भाषांत छापून घरी द्यायची, आजी एक वाचेल, मूल दुसरी. बीडहून आलेल्या सरांनाही जमेल, सात रस्ता सर. त्यांना तेलुगू यायची गरज नाही.

त्रस्त गुरुजी
आणि पहिलीपासून हिंदीचं काय झालं आठवतं ना? 16 एप्रिल 2025 चा आदेश, 29 जूनला मागे. विडी घरकुलच्या पोराला घरची तेलुगू, मराठी, इंग्रजी आणि वर हिंदी, सहाव्या वर्षी चार! वर बसलेल्यांना सोलापूरचा वर्ग दिसतच नाही.

कन्ना चौक
त्यात मी तुमच्या बाजूने.
बाई, मनम-मेमुचं रात्री मुलीला विचारून बघितलं. तिने बरोबर सांगितलं, आणि मराठीतही बरोबर सांगितलं. ठीक आहे. पण वही तपासताना प्रमाण मराठीच तपासा, एवढं माझं ऐका. भिंतीवर काय लावायचं ते लावा.

सात रस्ता
दोन भाषांतली गोष्ट घरी देणं, हे मी मान्य करतो. त्यात शिक्षकावर भार नाही. 'प्यालो-शिकलो'चा मुद्दाही मी तपासला, व्याकरणात आहे. माझ्या लक्षात कधी आलं नाही, हे कबूल करायला मला त्रास होतोय.
पण "दाराबाहेर" हा शब्द मी मागे घेतो याचा अर्थ पद्धत पटली असा नाही. पाचवीनंतर हा आधार काढायचा कधी, हे तुमच्यापैकी एकानेही सांगितलेलं नाही.

मंद्रूपकर
तो काढावा लागत नाही सर, पोरं स्वतःच...

सात रस्ता
"स्वतःच" हे उत्तर नाही. पाचवी ते सातवीचा तुमचा एखादा वर्ग दाखवा. मी येऊन बसतो, मंद्रूपला बसने येईन.

मंद्रूपकर
या. बुधवारी पहिला तास मराठीचा असतो. छडी आणू नका.

सात रस्ता
ते शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.

विडी घरकुलच्या बाई
मंद्रूपकर सर, खरंच अनावश्यक होतं. बुधवारी मीही रजा टाकून येते. उर्दू शाळेतल्या बाई, नक्कोसारखे अजून दहावीस दखनी शब्द पाठवाल का? माझ्या त्या चारपाच मुलांचा भिंतीवर अजून एकही शब्द नाही.