वापरलेलं डिझेल मोटरहोम बघतोय, यादीतलं कुठलं सामान खरंच कामाचं?

गोगलगाय:
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. एक वापरलेलं डिझेल मोटरहोम नजरेत भरलंय, अजून फक्त फोटोंतच. आम्ही चौघं, त्यात दोन मुलं वाढत्या वयाची. विकणाऱ्याने पाठवलेली यादी अशी:

फियाट डुकाटो, २.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन, १३० अश्वशक्ती, सहा गियर मॅन्युअल, २०१३ची नोंदणी, ६८,००० किमी. लांबी ६.९९ मीटर, एकूण वजनाची मर्यादा ३५०० किलो. मागे दोन सिंगल बेड, पुढे छतातून खाली येणारा बेड. ट्रुमा कंपनीचा डिझेल हीटर गरम पाण्यासकट, तिन्ही प्रकारे (गॅस, बाहेरची वीज, बारा व्होल्ट) चालणारा फ्रिज, १०० लिटर पाण्याची टाकी, कॅसेट टॉयलेट. वर 'एक्स्ट्रा' म्हणून छतावर एसी, दोन सोलर पॅनेल, ९५ अँपियर-अवरच्या दोन एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) बॅटऱ्या, १५०० वॅटचा इन्व्हर्टर, चार मीटरचं ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर), रिव्हर्स कॅमेरा आणि दोन सायकलींचं रॅक.

कागदावर तर काहीच कमी दिसत नाही. बघायला गेलो की आधी कुठे हात घालू? आणि एक भाबडा प्रश्न: इन्व्हर्टर आहे म्हणजे बाहेरची वीज न जोडता एसी चालेल ना?

किल्ली:
यादी घडी घालून खिशात ठेवा. जुन्या मोटरहोममध्ये पहिला प्रश्न एकच, पाणी आत शिरलंय का? एसी, सोलर, कॅमेरा उद्याही बसवता येतं. भिंतीच्या आतलं लाकूड कुजलं असेल तर अख्खी भिंत उकलावी लागते.

आणि गंमत बघा, तुमच्या 'एक्स्ट्रा'पैकी निम्म्या गोष्टींसाठी कुणीतरी छताला नाहीतर भिंतीला भोकं पाडलेली आहेत. एसी, सोलरची वायर, ऑनिंगची पट्टी, प्रत्येक ठिकाणी सीलंट आहे आणि सीलंट म्हातारं होतं. त्यामुळे शिडी मागून छतावर नजर टाकाच. सीलंटला भेगा असतील, किंवा जुन्यावर नव्याचे थर थापलेले दिसले, तर आतून नेमकी तीच जागा तपासा.

ओलावा मोजायचा मीटर सोबत न्या. आधी मधल्या कोरड्या भिंतीवर टेकवून आकडा बघून घ्या, मग मागचे दोन्ही कोपरे, छताच्या खिडक्यांच्या कडा, चाकांच्या कमानींच्या आसपास आणि गाद्यांखालच्या पेट्यांच्या आत मोजा. १५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहा. २०च्या वर गेला तर कारण शोधायचं. ३०च्या आसपास असेल तर नमस्कार करून घरी यायचं. मीटर नसला तरी अंगठा आहेच, भिंत दाबली आणि आत गेली तर बोलायला काही उरत नाही. बाथरूमसमोरची जमीन पायाखाली लवचिक लागते का तेही बघा. विकणाऱ्याला सांगून ठेवा की आदल्या दिवशी दारं-खिडक्या उघडून गाडीला हवा लावू नका. आत शिरताच पहिला वास घ्यायचा. अत्तराचा घमघमाट सुटला असेल तर जास्तच सावध व्हा.

जुना_ड्रायव्हर:
किल्ली यांच्याशी सहमत, पण शेवटी ही गाडी आहे, नुसती खोली नव्हे. इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आधीच सुरू करून ठेवलंय, मग थोडं थांबा. सुरू होताना क्षणभर धूर आला तर चालतं. निळा धूर येतच राहिला तर तेल जळतंय, गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय, आणि चढावर काळे लोट निघाले तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरकडे (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) संशयाने बघा.

६८,००० हा आकडा ऐकून हुरळू नका. एवढी वर्षं आणि इतकेच किलोमीटर म्हणजे गाडी बहुतेक काळ उभीच होती, आणि उभ्या गाडीचेही रोग असतात. ब्रेकच्या डिस्क गंजतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठतं. मालक महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालवून परत बंद करत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो. या २.३ इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तीन लिटरच्या इंजिनाला साखळी असते. बेल्टला किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा असतात, आधी भरेल ती खरी. बदलल्याची पावती दाखवता येत नसेल तर बदललेला नाही असं धरून घासाघीस करा.

टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. २३१६ असेल तर २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी रबर वयाने कडक होतं, आणि मोटरहोमचे टायर कायम भाराखाली असतात. सहा वर्षांवरचे असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

एक खास जागा: समोरच्या काचेखालची प्लास्टिकची पट्टी. तिचे सांधे सैल झाले की पावसाचं पाणी थेट इंजिनावर ठिबकतं. बॉनेट उघडून इंजेक्टरच्या आसपास गंज किंवा पाण्याचे डाग दिसतात का बघा. मग गाडी चढावर रिव्हर्समध्ये घ्या. क्लच थरथरला किंवा जळका वास आला तर समजून जा.

उनाड:
+१ दोघांनाही. यादीत बेड मोजलेत, पट्टे लावायच्या सीट मोजलेल्या नाहीत! चार जण झोपू शकतात म्हणजे चार जण पट्टा लावून प्रवास करू शकतात असं नसतं. आधी फोनवरच विचारा.

वाटसरू७:
वजनाबद्दल कुणीच बोललं नाही? माझ्या मते ओलाव्यानंतर लगेच हाच मुद्दा. कागदपत्रांत गाडीचं चालू स्थितीतलं वजन दिलेलं असतं, ते विकणाऱ्याकडून मागवा.

गोगलगाय:
विचारलं. पट्ट्याच्या सीट चार आहेत (उनाड, आभार, दिवसभर घोर लागला होता). वजन ३०३० किलो लिहिलंय. म्हणजे ४७० किलोची मोकळीक, भरपूर झाली की!

वाटसरू७:
आता वजाबाकी करू. ३०३० हे कारखान्यातून निघतानाचं, त्यात ७५ किलोचा चालक धरलेला असतो. नंतर बसवलेलं सामान त्यात नाही. ऑनिंग ३०, दुसरी बॅटरी २५, सोलर २०, छतावरचा एसी ३५, रॅक १५. झाले १२५, उरले ३४५. तुमच्याखेरीज तिघांचे मिळून २०० धरा, उरले १४५. दोन इलेक्ट्रिक सायकली ५०, उरले ९५. आता पाणी. कित्येक उत्पादक चालू स्थितीतल्या वजनात टाकी फक्त २० लिटर भरलेली धरतात. तुम्ही शंभर भरलंत की आणखी ८० किलो. हातात राहिले १५ किलो, आणि अजून कपडे, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, गॅसचं दुसरं सिलिंडर काहीच चढलेलं नाही.

मागच्या चाकांचं गणित वेगळं. दोन धुऱ्यांमधलं (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं) अंतर ४ मीटर आणि रॅक मागच्या धुरीच्या २.४ मीटर मागे आहे असं समजा. रॅक आणि सायकलींच्या ६५ किलोंचे मागच्या धुरीवर १०४ होतात आणि पुढची धुरी ३९ किलोंनी हलकी होते. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, त्यामुळे ओल्या गवतावर चाकं जागीच फिरायला लागतात. म्हणून व्यवहाराआधी वजनकाट्यावर न्या, आणि दोन्ही धुऱ्यांचं वजन वेगवेगळं करून घ्या.

गोगलगाय:
डोळे उघडले. एसी काढून टाकावासा वाटायला लागलाय.

बारा_व्होल्ट:
काढायची घाई नको, पण तो इन्व्हर्टरवर चालवायचं स्वप्न सोडा. ९५च्या दोन एजीएम म्हणजे कागदावर १९०. बॅटरी टिकवायची असेल तर निम्मंच वापरायचं, म्हणजे ९५ अँपियर-अवर. ९०० वॅटचा एसी बारा व्होल्टवर ७५ अँपियर ओढणार, इन्व्हर्टरमधली गळती धरून ८५च्या आसपास. तासाभरात खेळ खल्लास. छतावरचा एसी बाहेरची वीज असेल तिथेच, इन्व्हर्टर लॅपटॉपसाठी ठेवा.

बॅटऱ्या किती सालच्या आहेत ते विचारा. तपासताना बाहेरची वीज काढा, सोलर झाका, काही तास तसंच राहू द्या आणि मग मीटर लावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग सगळे दिवे आणि हीटरचा पंखा लावून तासभर सोडा. व्होल्टेज दगडासारखं खाली आलं तर बॅटऱ्या संपल्यात. पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घालायचा विचार असेल तर जुना चार्जर चालेलच असं नाही, त्यात लिथियमची सोय आहे का बघा.

शेकोटी:
डिझेल हीटर असलेली गाडी मी तरी घेणार नाही. आवाज करतो, सुरू होताना बाहेर वास सोडतो, शेजारी गाडी लावलेल्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. गॅसचा हीटर कसा गुपचूप काम करतो.

किल्ली:
शेकोटी, गॅस संपतो तेव्हा तो जास्तच गुपचूप होतो. :) कडक थंडीत सिलिंडर बघता बघता रिकामं होतं, आणि त्यात ब्यूटेन असेल तर शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. डिझेल मात्र कुठल्याही पंपावर मिळतं. गोगलगाय, हिवाळ्यात फिरणार असाल तर तुमच्या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू हा हीटरच. फक्त एवढं ध्यानात ठेवा की तो गाडीच्याच टाकीतून डिझेल घेतो आणि टाकी तळाला गेली की मुद्दाम बंद पडतो, म्हणजे घरी परतण्यापुरतं इंधन उरतं. बघायला जाल तेव्हा टाकी पुरेशी भरलेली असू द्या, नाहीतर तो चांगला असून बिघडलेला वाटेल. अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवा, पाणीही गरम होऊ द्या. खूप उंचावर जाणार असाल तर उंचीसाठीचं किट बसवलंय का तेही विचारा, विरळ हवेत त्याशिवाय काजळी धरते.

गरम पाण्याच्या टाकीला एक झडप असते, गारठा पडला की ती आपोआप उघडून पाणी सोडून देते. तिथून सतत ठिबकत असेल तर झडप का टाकी, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाणी न काढता गाडी थंडीत उभी राहिली असेल तर टाकी फुटलेली असू शकते.

गोगलगाय:
शनिवारी सकाळी जातोय. वजनाचं विकणाऱ्याला सांगितलं, काट्यावर यायला तयार आहे. एसीवरून आता घरात मतभेद आहेत, ते घरातच मिटवू. शेवटचा प्रश्न, फ्रिज आधीपासून सुरू ठेवायला सांगू का? तीनपैकी कशावर?

बारा_व्होल्ट:
हो, आदल्या रात्रीपासून, आणि गॅसवर. हा शोषण पद्धतीचा (कंप्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) फ्रिज आहे, थंड व्हायला कित्येक तास घेतो, आणि गाडी सपाट जागी उभी हवी. बाहेरच्या विजेवर चालला म्हणून बर्नर धड आहे असं होत नाही, त्या तापवायच्या दोन वेगळ्या सोयी आहेत. बारा व्होल्टवर तो फक्त इंजिन चालू असताना वापरायचा, चाचणीच्या फेरीत तेही होईल. पोचलात की फ्रीजरमध्ये हात घाला, ज्योत पिवळी नसून निळी आहे का बघा, आणि गॅसच्या रबरी नळीवर छापलेलं साल वाचा.