राजाश्रय आणि श्रद्धा
शासनाने ख्रिस्ती धर्माला दूर सारले आणि तेथूनच पाश्चात्य समाजाची घसरण सुरू झाली, हे प्रतिपादन मला पटत नाही. कुटुंबांची वाताहत आणि म्हातारपणीचे एकाकीपण ही तिकडची दुखणी खरी आहेत, मात्र त्यांचे खापर निधर्मी शासनावर फोडण्यापूर्वी इंग्लंडकडे पाहावे. तेथे आजही राजा हाच चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख असतो, २६ बिशप संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात, आणि २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सला पडद्याआड पवित्र तेलाचा अभिषेक कँटरबरीच्या आर्चबिशपांनीच केला. तरीही इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेतील ५९.३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर आले.

याउलट अमेरिकेच्या राज्यघटनेने १७९१ पासून राजधर्म स्थापण्यास मनाई केली असूनही तेथे चर्चला नियमित जाणारे लोक इंग्लंडपेक्षा कितीतरी अधिक आहेत. ही मनाई नास्तिकांनी लादली, असेही नाही. अमेरिकेतील व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड) राजमान्य होते, तेव्हा परवान्याविना प्रवचन करणाऱ्या बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या उपदेशकांना कैदेत टाकले जाई, आणि त्यांतले काही जण तुरुंगाच्या गजांआडूनच बाहेर जमलेल्या लोकांना उपदेश करीत. हा जाच सोसलेले भाविकच व्हर्जिनियाच्या १७८६ च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यासाठी जेम्स मॅडिसन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांच्या पाठीशी उभे राहिले.

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने तर कॅथलिक चर्चला विशेष स्थान दिले होते. तेथे चर्चची पत खचली ती मुख्यतः त्याच्याच संस्थांमधील मुलांवर झालेल्या अत्याचारांमुळे, जे २००९ च्या रायन अहवालाने, म्हणजे या अत्याचारांच्या चौकशी आयोगाच्या अहवालाने, तपशिलाने जगापुढे मांडले.