गेजचं कॅलिब्रेशन संपलेलं, व्हॉल्व रवाना झालेले. कळवायचं का?

क्यूसीवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला आहे. आम्ही व्हॉल्व बनवतो. बहुतेक माल केमिकल आणि साखर कारखान्यांना जातो, पण यंदा एका मोठ्या पार्टीमार्फत अणुवीज केंद्रासाठी एक लॉट केला. हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, झाली, कुठे थेंब आला नाही, थर्ड पार्टी इन्स्पेक्टरने सही केली, माल गेला. परवा फायली लावताना दिसलं की टेस्टला लावलेल्या प्रेशर गेजच्या (दाब दाखवणारा काटा) कॅलिब्रेशनची, म्हणजे तो अचूक दाखवतो का या पडताळणीची, मुदत आधीच संपलेली होती. इन्स्पेक्टरच्याही नजरेतून ते सुटलं.

साहेब म्हणाले, "गेज चांगला आहे. आता कॅलिब्रेट करून घे आणि रिपोर्टवर नव्या सर्टिफिकेटचा नंबर टाक. उगाच खाजवून खरूज कशाला काढतोस?" माणूस वाईट नाही, पगार वेळेवर करतो. पण नव्या सर्टिफिकेटची तारीख टेस्टच्या नंतरची पडणार, म्हणजे टेस्टची तारीखही पुढे सरकवावी लागणार. तिथे माझा हात अडतोय. हे व्हॉल्व सेफ्टी सिस्टिमचे नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. एवढ्याशा गोष्टीने खरंच काही होतं का?

अण्णा_वारजे:
अरे, तो व्हॉल्व नेमका कुठे बसणार हे तुझ्या साहेबांना ठाऊक नाही. तुलाही नाही. मी अणुवीज केंद्रात मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

अमेरिकेत ओहायोमध्ये डेव्हिस-बेसी नावाचं केंद्र आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये तिथे प्रेशरायझरवरचा (भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणारी टाकी) रिलीफ व्हॉल्व, म्हणजे जादा दाब सोडणारा व्हॉल्व, उघडला तो बंदच होईना. भट्टी, म्हणजे रिॲक्टर, जेमतेम ९ टक्के पॉवरवर होती, वीसेक मिनिटांत ऑपरेटरच्या लक्षात आलं, त्यांनी त्याच वाटेवरचा ब्लॉक व्हॉल्व बंद केला. कुणाला खरचटलंही नाही. भट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्सच्या एका इंजिनिअरने मात्र कंपनीत लेखी कळवलं की ऑपरेटरनी इमर्जन्सी कूलिंग घाईने बंद केलं, पॉवर जास्त असती तर भारी पडलं असतं, सगळ्या केंद्रांना सूचना द्या. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्याच थ्री माईल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या युनिटवर तसाच व्हॉल्व अडकला. पॉवर होती ९७ टक्के. कंट्रोल रूममधला दिवा विझला म्हणून सगळे समजले, व्हॉल्व बंद झाला. तो दिवा व्हॉल्वची स्थिती दाखवतच नव्हता, "बंद हो" असा हुकूम सुटला एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं, इमर्जन्सी कूलिंगही ऑपरेटरनी कमी केलं, आणि भट्टीतला जवळपास निम्मा इंधनाचा गाभा वितळला. केंद्रातला माणूस तुझा व्हॉल्व खोलून बघत बसत नाही, तुझा कागद बघतो. तारीख सरकवलेला रिपोर्ट म्हणजे तो दिवाच.

आणि "सेफ्टी सिस्टिमचा नाही" हे तर मला सांगूच नकोस. उत्तर प्रदेशात नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली. टर्बाइन म्हणजे साधी बाजू, कुठल्याही औष्णिक केंद्रात असते तशी. पण जनरेटरचा हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. माणसं टॉर्च घेऊन वर चढली आणि भट्टीतली अणुप्रक्रिया रोखणारं बोरॉन हाताने सोडलं. आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी पुरवून भट्टी थंड ठेवली. अणुघटनांचं गांभीर्य मोजणाऱ्या आयएनईएसच्या ० ते ७ या पट्टीवर ती घटना तिसऱ्या पातळीची ठरली. एरवी केंद्रांकडून एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, कळवल्या जाणाऱ्या बहुतेक घटना शून्य पातळीच्या निघतात, पण ते शून्य ठरवायलाही आधी कुणीतरी कळवावं लागतं.

उठाठेव_नको:
अण्णांचं सगळं बरोबर, पेन्शन सुरू झाल्यावर. कळवलं की पार्टी पेमेंट अडकवणार आणि पुढची ऑर्डर चाकणच्या कुणाला तरी देणार. बळीचा बकरा कोण? हा पोरगाच. साहेब म्हणतात तसं करावं, फक्त ते ईमेलवर मागून घ्यावं.

मापन_चिंचवड:
उठाठेवदादा, ईमेल जपून ठेवला म्हणून रिपोर्टवरची सही दुसऱ्याची होत नाही. दक्षिण कोरियात फ्यूज, कूलिंग फॅन असल्या किरकोळ भागांची गुणवत्ता प्रमाणपत्रं पुरवठादारांनी बनावट दिल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये योंगग्वांगच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या भट्ट्या बंद कराव्या लागल्या. पुढच्याच वर्षी केबलींच्या चाचण्यांचे निकाल बदललेले सापडले, पुन्हा भट्ट्या बंद. भाग खराब होते की नव्हते, हा प्रश्न नंतरचा. कागदावर विश्वास उरला नाही.

मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते, म्हणून कामाचं सांगते. मुदत संपली म्हणजे गेज चुकीचाच होता असं नाही, पण बरोबर होता हे दाखवावं लागेल. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला पाठव आणि लेखी कळव की आधी ॲज फाउंड रीडिंग, म्हणजे गेज आला तसा हात न लावता, घ्या, मगच ॲडजस्ट करा. लोक नुसतं "नीट करून द्या" म्हणतात, टेक्निशियन काटा सेट करतो आणि पुरावाच पुसला जातो. गेज जास्त दाखवत असेल तर काळजी, म्हणजे प्रत्यक्षात दाब कमी दिला गेला. शेल टेस्ट, म्हणजे व्हॉल्वच्या बॉडीची दाबचाचणी, रेटिंगच्या दीडपट दाबाला करायची असते, ती झालीच नाही असं ठरू शकतं. कमी दाखवत असेल तर व्हॉल्वने उलट जास्तच सोसलं.

मग एनसीआर, म्हणजे नियमात न बसलेल्या गोष्टीचा लेखी रिपोर्ट. त्यात व्हॉल्वचे सिरीयल नंबर, गेजचा नंबर, खऱ्या तारखा, ॲज फाउंड रीडिंग. "चालेल" किंवा "चालणार नाही" हे तू लिहू नकोस, ते पार्टी आणि केंद्र ठरवतील. रीडिंग मर्यादेत असेल तर अनेकदा आहे तसा माल स्वीकारतात. बेंचवर दुसरा गेज होता का?

क्यूसीवाला_भोसरी:
होता, त्याची मुदतही चालू आहे. पण त्याचं रीडिंग रिपोर्टात घेतलेलं नाही. साहेबांना कोरियाचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "आपण काय कोरिया आहोत का?" तासाभराने मात्र स्वतःच पार्टीच्या क्यूए मॅनेजरना फोन लावला. त्यांनी एनसीआर मागवलाय, तोवर माल त्यांच्या स्टोअरमध्ये वेगळा राहील. पेमेंट थांबलंय, तेवढं उठाठेवदादांचं खरं झालं. साहेब दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतायत. ताई, दुसऱ्या गेजचं रीडिंग ऑपरेटरला आठवतंय, ते एनसीआरमध्ये टाकू का?

मापन_चिंचवड:
आठवणीतलं रीडिंग अजिबात टाकू नकोस. दुसरा गेज लावलेला होता, नोंद घेतली नव्हती, एवढंच लिही. आणि तो मुदत संपलेला गेज अजून बेंचवरच आहे का? आत्ताच काढ, लाल टॅग लावून कुलपात ठेव. सेकंड शिफ्टवाला तोच उचलेल.