मदत हवी आहे: परदेशातून निघताना साडेचार वर्षांच्या नातवाचा निरोप कसा घ्यावा? (सोबत प्रवासाचे दोन-तीन प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं ठाण्याचे, पाचपाखाडीत राहतो. गेले पाच महिने इंग्लंडमध्ये रेडिंगला लेकीकडे आहोत. येत्या गुरुवारी रात्री साडेनऊला हीथ्रोहून थेट मुंबईचं विमान आहे. लेक म्हणते दिवाळी करून जा, पण व्हिसा सहा महिन्यांचा आणि घरही सगळा पावसाळा बंद आहे. बॅगा बहुतेक भरून झाल्यात. मन मात्र एकाच गोष्टीपाशी अडलंय, म्हणून लिहितेय.

नातू साडेचार वर्षांचा आहे. मागच्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, आमची चूक झाली. त्याला काही सांगायचं नाही, उगाच रडारड नको, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. सकाळी लेक त्याला पाळणाघरात सोडायला निघाली, तो बूट घालून दारात उभा. मी डोक्यावरून हात फिरवला आणि सवयीने म्हटलं, "येते हं बाळा." आपल्यात "जाते" म्हणत नाहीत. माझ्या आईने मला कधी "जाते" म्हणून उंबरा ओलांडू दिला नाही. पण त्या पोराला जेवढं मराठी कळत होतं तेवढ्यात त्याने सरळ अर्थ घेतला: आजी येणार आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर तो आमच्या खोलीत गेला, पलंगाखाली वाकून पाहिलं, बाथरूमचं दार उघडून पाहिलं. मग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दाराकडे तोंड करून बसून राहिला. लेकीने हे मला महिन्याभराने सांगितलं, आधी सांगवलं नाही तिला. पुढे तीन आठवडे तो व्हिडिओ कॉलवर आला नाही. फोन समोर धरला की पाठ फिरवायचा. माझ्या त्या एका शब्दाने पोर दाराशी बसून राहिलं, हे मला अजून सोसत नाही.

आता तो मोठा झालाय. सप्टेंबरात शाळा सुरू झाली. "आजी, पोळीला तूप जास्त लाव" असं स्पष्ट मराठीत सांगतो. लेक म्हणते या वेळी आधीच सांगू. जावई म्हणतात त्याच दिवशी सांगू, नाहीतर आठवडाभर रडेल. आमचे हे म्हणतात, काही सांगू नका, पोरं विसरतात. मला ते पटत नाही. मागच्या खेपेला तो विसरला नव्हता.

त्या दिवशी शाळा सव्वातीनला सुटते आणि आम्हाला पाचला घर सोडायचंय. शाळेतून आणायला मीच जावं का? त्याला विमानतळावर न्यावं का? आणि मुख्य म्हणजे, तोंडाने काय म्हणू? "जाते" म्हणायला जीभ वळत नाही, आणि "येते" म्हणायची आता भीती वाटते.

बाकीचे प्रश्न: यांचे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर सांगायची आहे, आणि यांना इन्सुलिन आहे. दोन्हीबद्दल कुणी अनुभव सांगा. सहार विमानतळावरून ठाण्याला येताना आणि बंद घर उघडताना काय बघायचं, तेही सांगा. आगाऊ आभार.

ऐरोलीची आजी यांचं उत्तर:

ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझी दोन नातवंडं कॅनडात आहेत, तीन खेपा झाल्या. सांगा. आजच सांगा. चार-पाच दिवस आधी सांगितलं तर पोराला रडायला, पुन्हा पुन्हा विचारायला वेळ मिळतो. ऐनवेळी सांगितलं तर तो घाबरतो, आणि न सांगता गेलं तर पुढच्या वेळी तुम्ही नुसत्या भाजी आणायला गेलात तरी मागे लागतो. माझ्या धाकट्या नातीने हेच केलं होतं. मी कचरा टाकायला गेले तरी दाराशी उभी राहायची.

फ्रिजवर कागद लावा, चार चौकोन काढा, रोज रात्री एक त्याच्याकडून रंगवून घ्या. "पुढच्या वर्षी" हे त्याला कळणार नाही, चौकोन कळतील. आणि पुन्हा येण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती तोंडातून काढू नका. त्याच्या वर्गातल्या बाईंनाही लेकीला सांगायला सांगा, म्हणजे शुक्रवारी तो गप्प बसला तर त्यांना कारण माहीत असेल.

शाळेतून आणायला तुम्हीच जा. ती दोन तासांची संध्याकाळ तुमची. त्यात बॅगा नकोत, बॅगा बुधवारी रात्रीच बंद करून दाराशी ठेवा.

शब्दाचं म्हणाल तर "ठाण्याला जाऊन येते" म्हणा. पण नुसतं म्हणू नका. ठाणं म्हणजे काय, तिथे आजी काय करते, हे त्याच्या डोळ्यांसमोर उभं करा. नाहीतर तो पुन्हा "येते"च धरून बसेल.

बर्मिंगहॅमकर

व्हीलचेअर विमान कंपनीकडे निदान 48 तास आधी नोंदवा, इथल्या कायद्याप्रमाणे ही सेवा फुकट आहे. तुमचं विमान गुरुवारचं, म्हणजे मंगळवार रात्रीच्या आत. तिकिटावर नोंद दिसते का, तेही तपासा.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. चेक-इन झालं की मदतनीस खुर्ची घेऊन येतो आणि लगेच निघतो. त्याच्या मागे आणखी चार प्रवासी थांबलेले असतात. माझ्या आईला मी सोडायला गेलो तेव्हा पाकीट खिशात ठेवेपर्यंत खुर्ची वळली होती, आणि सुरक्षा तपासणीच्या पुढे आपल्याला जाता येत नाही. मिठी राहूनच गेली. म्हणून बॅगा दिल्यावर खुर्ची बोलावण्याआधी पंधरा मिनिटं बाकावर एकत्र बसा, जे बोलायचं ते बोला, मग मदतीच्या काउंटरला जा. लहान मुलासाठी हा प्रकार फार घाईचा आहे. नातवाचा निरोप घरीच घ्या, असं माझं मत.

सोडायला येणाऱ्यांनी गाडी टर्मिनलच्या दारात न लावता पार्किंगमध्ये लावावी. दारात नुसतं थांबायचेही पैसे पडतात. तिथे ते घेणारं कुणी नसतं, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरावे लागतात, आणि निरोपाच्या गडबडीत हमखास विसरतात. दंडाचं पत्र घरी येतं.

खरेदीवरचा कर परत मिळेल या आशेवर पावत्या जमवल्या असतील तर ती सोय ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून बंद केली आहे. विमानतळावर तो काउंटर शोधत फिरू नका.

गोडवर्ज्य

मला स्वतःला बारा वर्षं इन्सुलिन आहे, दोनदा हा प्रवास केलाय. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं वापरायचं नाही. प्रिस्क्रिप्शनची प्रत सोबत ठेवा, सुया त्याच पिशवीत.

जेवणाआधीचं इंजेक्शन ट्रे समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही. सुगंध आला म्हणून मी एकदा घेतलं आणि तेवढ्यात विमान हादरायला लागलं, वाढणं अर्धा तास थांबलं. पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं होती म्हणून निभावलं. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन असेल तर पूर्वेकडे येताना दिवस साडेचार तासांनी आखूड होतो. मात्रा किती, कधी, हे तुमच्या ठाण्याच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, इथे कुणाचं ऐकून बदलू नका. आणि दर तासा-दोन तासांनी त्यांना उठवून चार पावलं चालवा. गुडघे दुखतात म्हणून बसून राहिले तर पाय सुजतात.

नौपाडाकर

काकू, विमान साडेनऊचं म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दोन. नऊएक तासांनी शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास उतराल. बॅगा येईपर्यंत बारा. भारतीय नागरिकांना आता आगमनाचा फॉर्म भरावा लागत नाही, त्यामुळे पेन शोधू नका. अंगावर बांगड्या-मंगळसूत्र असतील तर पावत्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला जातानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट (दागिने इथूनच नेल्याचा दाखला) करून घ्या, परतताना प्रश्न उरत नाही.

गाडी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता) गांधीनगर, तिथून पूर्व द्रुतगती महामार्गाने तीन हात नाका. दुपारी बारा-साडेबाराला पवईला थोडं अडकाल, फार नाही. मुलुंड नाक्यावर लहान गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही, ड्रायव्हरने मागितला तर देऊ नका.

घर मात्र तुम्ही पोचण्याआधी कुणाकडून तरी उघडून घ्या. पावसाळाभर बंद घराचा वास दोन दिवस जात नाही. खिडक्या उघडायच्या, सगळे नळ पाच मिनिटं सोडून ठेवायचे, बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाणी ओतायचं. तिथलं पाणी सुकलं की गटाराचा वास घरात येतो. गॅसचा कॉक उघडण्याआधी घर हवेशीर झालेलं असू दे. महावितरणचं बिल लेकीला ऑनलाइन बघायला सांगा. दूध-भाजी शेजारी आणून ठेवतील, आपल्याकडे अजून तेवढं आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हीलचेअर आज नोंदवली. डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी मात्रा लिहून पाठवली.

रविवारी सांगितलं त्याला. जेवणाच्या टेबलावर, सगळे असताना. मी म्हटलं, गुरुवारी आजी-आबा विमानाने ठाण्याला जाणार. तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, तिथे आमचं घर आहे, तुझं जसं इथे आहे तसं. थोडा वेळ गप्प बसला, मग रडला, चांगला दहा मिनिटं. यांनी उठून चॉकलेट आणायचं चालवलं होतं, लेकीने थांबवलं. रडून झाल्यावर विचारलं, ठाण्यात आत्ता अंधार आहे का? मग आम्ही घड्याळ घेऊन बसलो. तू सकाळी आठला दूध पितोस तेव्हा आजी साडेबाराला वरण-भाताचा कुकर लावते. हे त्याला फार आवडलं. कचराळी तलावाचे फोटो दाखवले, आजी सकाळी इथे फिरते म्हणून. चौकोन रंगवणं चालू आहे, दोन राहिलेत.

बर्मिंगहॅमकर

एक लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. फरक साडेचारचा साडेपाच तास होतो. कॉलची वेळ त्याच्या दुधाला बांधा, तुमच्या कुकरला नको. नाहीतर ठरल्या वेळी तुम्ही फोन कराल आणि तो झोपलेला असेल.

धागाकर्ती

काल दुपारी घरी पोचलो. नीट लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी नीट सांगितलं होतं.

शाळेतून मीच आणलं. वाटेत त्याने रोजच्यासारखे चेस्टनट वेचले, माझा खिसा भरला. घरी येऊन मऊ भात-तूप भरवलं. खरं तर तो हाताने खातो, पण त्या दिवशी दोघांनाही भरवायचंच होतं. बॅगा दाराशी होत्या. काट्यावर लटकवून वजन करायचं काम त्याला दिलं होतं आदल्या रात्री, आकडे तोच वाचत होता.

पाच वाजता दारात मी खाली बसले आणि म्हटलं, "मी ठाण्याला जाते आहे. आज रात्री येणार नाही. उद्याही नाही. परवा फोनवर दिसेन." जीभ अडखळली, पण म्हटलं. आईची मनात क्षमा मागितली. त्याने मान डोलावली. लेक त्याच्याजवळ थांबली, जावई आम्हाला सोडायला आले. गाडी वळेपर्यंत तो खिडकीत होता. मग मी एम-4 महामार्ग येईपर्यंत रडले.

हीथ्रोला पंधरा मिनिटं बाकावर बसलो, जावयांशी पाच महिन्यांत झालं नसेल एवढं बोलणं झालं. खुर्ची खरंच लगेच निघाली. बर्मिंगहॅमकर, तुमचे उपकार.

आज साडेबाराला फोन केला. लेक म्हणाली, काल रात्री आमच्या खोलीत जाऊन आला, पण पलंगाखाली पाहिलं नाही, नुसता पलंगावर थोडा वेळ लोळला. फोनवर पहिलं वाक्य: "कुकर दाखव." दाखवला. शिट्टी होईपर्यंत थांबला. मग बागेत जायची वेळ झाली तसा बूट घालत म्हणाला, "आजी, मी बागेत जातो, मग येतो."

नौपाडाकर, बाथरूमच्या जाळीचं अगदी बरोबर होतं. शेजारणीने पाणी ओतलं होतं, वास नव्हता. फक्त बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्याची ओल आलीय, कपाटामागे हातभर. ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप सुकेल का, की रंगाऱ्याला दिवाळीआधीच बोलवावं? ठाण्यात कुणाला चांगला अनुभव असेल तर सांगा.